त्या ४,०६३ रुपयांचे काय?

मा. केंद्रीय कृषिमंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

साहेब,

तालुक्याच्या कचेरीत निवेदनावर शिक्का पडतो, पुढे काही होत नाही; म्हणून हे जाहीरपणे. शेतकऱ्यांचे उत्पन्न दुप्पट करण्याची २०२२ ची मुदत उलटून गेली. तो विषय काढायचा नसतो, हे आम्ही समजून घेतले आहे. पण उत्पन्न कशाचे, एवढे तरी विचारू द्या.

राष्ट्रीय नमुना पाहणीचा २०१८-१९ चा अहवाल काढा. वर्षाला ४,००० रुपयांहून जास्त किमतीचा माल पिकवला आणि घरातले एक माणूस स्वतःच्या शेतीत राबले, की ते शेतकरी कुटुंब. अशा कुटुंबाची महिन्याची सरासरी मिळकत १०,२१८ रुपये. त्यात पिकाचे ३,७९८, जनावरांचे १,५८२ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात मोठी रक्कम दुसऱ्याकडे राबून येते! २०१२-१३ मध्ये पिकाचे ३,०८१ होते, मजुरीचे २,०७१. म्हणजे सहा वर्षांत मजुरी जवळपास दुप्पट झाली, पीक नाही. आश्वासन हेच असेल, तर अभिनंदन.

बरे, १०,२१८ हाही फक्त पदरचा खर्च वजा जाता. घरच्यांची मेहनत, घरचे बियाणे, घरचा चारा यांची किंमत धरली, की तोच अहवाल ८,३३७ वर उतरतो. जनावरांचे १,५८२ मग ४४१ होतात. दिवसाला पंधरा रुपयेसुद्धा नाहीत. आणि मेळाव्यात आम्हाला सांगतात, जोडधंदा करा. पहाटे धार काढणाऱ्या बाईला हा हिशेब कुणी समजावून सांगावा?

तुमच्या योजना सातबाऱ्यावर येऊन थांबतात. सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नावावर असेल त्यालाच. भूमिहीनाने काय करायचे ते त्याचे तो बघेल. आमच्या बीडमधले कोरडवाहू शेतकरी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. फडावर नवरा-बायको मिळून एक कोयता. गावी परतले की पुन्हा शेतकरी. मधले महिने ते कोणाचे? शेतमालाच्या भावावर तुम्ही निदान भाषण तरी करता. तोडणीच्या दरावर, रोजगार हमीच्या थकलेल्या पगारावर कृषिमंत्री म्हणून कधी बोललात?

कर्जमाफी मागत नाही. त्या ४,०६३ रुपयांची जबाबदारी कोणत्या खात्याची आहे, ते लेखी कळवावे.

आपला,
(सरकारी व्याख्येनुसार) शेतकरी
जि. बीड