एक्सप्लेनर : महागडे सॉकेट लावले म्हणजे गाणे गोड होते का?

अॅम्प्लिफायर झाला, स्पीकर झाले, केबलही बदलून झाली. मग ऑडिओ शौकिनांची नजर जाते ती भिंतीतल्या सॉकेटकडे. जपानमधील फुरुटेक, ओयाइदे या कंपन्या खास ऑडिओसाठी सॉकेट बनवतात. किंमत साध्या सॉकेटच्या अनेक पट. एवढे वेगळे काय असते त्यात?

आत काय असते?

सॉकेटचे खरे काम आतली धातूची पकड करते. प्लग कितीही वेळा काढला-घातला तरी ती सैल पडता कामा नये. शुद्ध तांबे वीज उत्तम वाहून नेते, पण ते मऊ असते. म्हणून बहुतेक सॉकेटमध्ये पितळ किंवा फॉस्फर ब्राँझ असते. पितळाची वाहकता तांब्याच्या साधारण पाव, फॉस्फर ब्राँझची त्याहूनही कमी. पण फॉस्फर ब्राँझ स्प्रिंगसारखे पिनला दाबून धरते. काही महागड्या सॉकेटमध्ये मात्र शुद्ध तांबे वापरतात.

सोने, ऱ्होडियम आणि गारठा

या धातूवर सोन्याचा किंवा ऱ्होडियमचा मुलामा देतात. ऱ्होडियम कठीण असते आणि काळे पडत नाही, हा फायदा खरा. काही कंपन्या धातूचे भाग अतिशीत तापमानाला गारठवतात. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान असते उणे १९६ अंश सेल्सिअस. पण भाग पुन्हा खोलीच्या तापमानाला आला की त्याचा विद्युत रोध जवळपास पूर्वीइतकाच होतो.

मग पैसे कशाचे?

चांगल्या पकडीचे पैसे देणे योग्यच. आवाजाच्या जादूचे नाही. भिंतीतून येणारी वीज थेट स्पीकरला जात नाही. अॅम्प्लिफायरमधला पॉवर सप्लाय तिचे डीसीत रूपांतर करून ती गाळून घेतो. शिवाय सॉकेटच्या मागे कित्येक मीटर साधी वायर असतेच. संपर्क सैल असेल तर खरखर येऊ शकते, पण घट्ट बसणारे साधे सॉकेटही ती थांबवते.

अमेरिकेतील ‘हॉस्पिटल ग्रेड’ सॉकेट हे याचे चांगले उदाहरण. त्यावर हिरवा ठिपका असतो. प्लगला हिसका बसला तरी पकड टिकते का, अर्थिंगचा संपर्क पक्का राहतो का, याच्या कडक चाचण्या त्याला पार कराव्या लागतात. तिथले अनेक शौकीन हेच सॉकेट वापरतात.

आपल्याकडे काय करावे?

अमेरिकी-जपानी पद्धतीचे चपट्या पिनांचे हे सॉकेट साधारणतः १२५ व्होल्टसाठी असतात. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. ते मागवून भिंतीत बसवणे धोक्याचे. आपल्या प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ हे मानक आहे. आयएसआय चिन्ह पाहूनच सॉकेट घ्यावे.

आणि खरी काळजी म्युझिक सिस्टीमची नाहीच. सैल संपर्काचा रोध फक्त ०.१ ओहम धरला आणि त्यातून १६ अँपिअर प्रवाह गेला, तर तिथे सुमारे २५ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्नइतकी, तीही प्लास्टिकच्या डब्यात! गीझर किंवा एसीचा प्लग गरम लागत असेल, सॉकेट पिवळे पडले असेल, पिन ढिली बसत असेल, तर आजच वायरमनला बोलवा. स्क्रू घट्ट आहेत का, अर्थिंग आहे का, तेही तपासून घ्या.

ऑडिओ शौकीन सॉकेटकडे जेवढ्या बारकाईने पाहतात, तेवढे लक्ष घरातल्या गीझरच्या सॉकेटलाही मिळायला हवे.