जिनचा मान, फेणीची उपेक्षा

चहाची पाने, लिंबू-संत्र्याच्या साली व ज्युनिपरची फळे मद्यार्कात घालून तो पुन्हा भट्टीवर चढवावयाचा, की सुगंधी जिन सिद्ध होते. २०१७-१८ पासून गोव्यातील कारखान्यांतूनही अशा जिन बाहेर पडू लागल्या आणि त्यांचा बोलबाला झाला. मद्यपानाची भलावण आम्हांस करावयाची नाही; परंतु धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट खटकते. या जिनचा मूळ मद्यार्क बहुधा तयार विकत घेतलेला असतो. मोल येते ते वरून घातलेल्या सुगंधामुळे आणि बाटलीवर छापलेल्या तपशिलामुळे.

उलट आमच्या डोंगरावरचा बोंडू मळून रस काढावा, तो आंबवावा, पहिल्या उकळीचा हुर्राक, दुसरीची फेणी. बाहेरचा सुगंध हवाच कशाला? २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन लाभले, २०१६ मध्ये सरकारने तिला वारसापेय ठरविले. पण ती कोणत्या गावच्या भट्टीची, कोणत्या हंगामाची, हे कितीशा बाटल्यांवर आढळते? भेसळ करणाऱ्याचे फावते ते यामुळेच. अबकारी खात्याने येत्या काजू हंगामापूर्वी गाव, हंगाम आणि भट्टीवाल्याचे नाव बाटलीवर छापणे सक्तीचे करावे, अशी आमची मागणी आहे.