पहिलं पाऊल फडात अडतं!

एप्रिलमध्ये गावातल्या झेडपी शाळेत फुगे आणि चिमुरड्यांची गर्दी दिसली, तर जरा आत डोकावा. तो शाळापूर्व तयारीचा मेळावा असतो. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावानं हे अभियान सुरू झालं. जूनमध्ये पहिलीत जाणारं पोर इथं उड्या मारतं, चित्रं ओळखतं, वस्तू मोजतं. त्याला कुठं मदत हवी, हे आईला समोरच दिसतं. मग आयांचे गट होतात. भाजी निवडताना रंग, भाकरी थापताना आकडे, असा घरचाच अभ्यास!

कल्पना झकास आहे. पण बीडचं वेळापत्रक कारखान्याचा पट्टा ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळकरी मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय असते. तीन ते सहा वर्षांची पोरं मात्र आईबापासोबत कोपीवर जातात आणि गावची अंगणवाडी सुटते. टोळी उशिरा आली, तर मेळावाही हुकतो. वर आपण म्हणायचं, ‘पालकच लक्ष देत नाहीत!’

मग असाच एक मेळावा टोळ्या निघण्याआधी, सप्टेंबरात का नको? मोळ्या मोजणं हेही गणितच आहे की.

आणि तुम्ही? सुट्टीत गावी गेलात, तर शाळेत जाऊन स्वयंसेवक व्हा. जिला वाचता येत नाही, त्या आईला कृतीचं कार्ड वाचून दाखवा. एवढं तर जमेल ना?