दारी आंबिया असताना चेरी कशाला?



परवा सूनबाईने हौसेने चेरीचा डबा आणला. डिसेंबरातली चेरी, चिलीहून आलेली. आपल्या काश्मीर-हिमाचलची तर मे-जूनमध्ये येते. तेवढ्या पैशांत पिशवीभर संत्री आली असती. मी रागावले नाही, पण मत मांडतेच.

नागपुरात राहून आंबिया बहाराच्या दिवसांत परदेशी फळ घेणं मला पटत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेला आंबिया काटोल, नरखेड, वरुडकडून नोव्हेंबर-डिसेंबरात भरात येतो. ऑक्टोबरात घाई करणाऱ्यांना आंबटच मिळतो! पावसाच्या तोंडी फुलणारा मृग बहार येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे घरचं फळ वर्षातून दोनदा.

शिवाय आपण शोधून खाणारी माणसं. नागपुरी संत्र्याची साल ढिली, सुरी लागत नाही. दुपारच्या उजेडात फोड न् फोड सोलून, बघून खाता येते. चेरीत अळी असली तर वरून कळतही नाही. तो डबा आम्ही एकेक चेरी उघडून बघत संपवला, अर्धा तास गेला.

आणखी एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. दूरवर पाठवायच्या फळांवर चमक राहावी, ती सुकू नयेत म्हणून मेणाचा थर देतात. ते मेण कधी वनस्पतीचं असतं, तर कधी त्यात शेलॅक असतं. शेलॅक म्हणजे लाख, किड्यांपासून मिळणारी. पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य आपण पाठ केलेलं असतं आणि चकचकीत फळ बघून पिशवी पुढे करतो! एका दुकानात मी विचारलं, कुठलं मेण आहे हे? त्या मुलाला काहीच सांगता आलं नाही. दूरच्या बाजारात जाणाऱ्या आपल्या संत्र्यांवरही मेण चढतं बरं का. म्हणून मी ढिगातली, डाग असलेली, पानासकट आलेली संत्री घेते.

मृग संपला की आंबिया येईपर्यंत माझा संत्र्याचा त्याग असतो. सासूबाईंकडून आलेला नियम. पहिली फोड तोंडात टाकताना जे वाटतं, ते बारा महिने खाणाऱ्याला कसं कळणार?

सूनबाई म्हणाली, "आई, कोल्ड स्टोरेजच्या संत्र्यांचा नियम मीही घेते. चेरीचं मे महिन्यात बघू."

बघू म्हटलं.