विश्लेषण : त्वचेच्या संथ कर्करोगात शस्त्रक्रिया लांबली तर काय होते?

नाकपुडीजवळ न दुखणारी, चकचकीत पुटकुळी येते. तिच्यावर खपली धरते, निघते, कधी रक्तही येते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत दिवसभर उन्हात राबणाऱ्याला ‘हंगाम आटोपला की दाखवू’ असे वाटू शकते. पण तो त्वचेचा कर्करोग असेल तर किती थांबता येते?

संथ कर्करोग कोणता?

‘बेसल सेल कार्सिनोमा’ हा जगात सर्वाधिक आढळणारा त्वचेचा कर्करोग. तो हळूहळू, अनेकदा वर्षानुवर्षे वाढतो आणि शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. त्वचेतील मेलॅनिनमुळे भारतात त्याचे प्रमाण कमी आहे. मात्र सावळ्या त्वचेवर ही गाठ अनेकदा काळपट दिसते आणि तीळ किंवा चामखीळ समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

विलंबाने काय बिघडते?

२०२० मध्ये करोनामुळे शस्त्रक्रिया लांबल्या, तेव्हा लहान आणि त्रास न देणाऱ्या बेसल सेल गाठींसाठी सुमारे तीन महिने थांबता येईल, असे मार्गदर्शन तज्ज्ञांनी केले होते. जीवाला धोका कमी असला, तरी गाठ आत कुरतडत जाते. लहान असताना तेवढ्या जागेला भूल देऊन, काही टाक्यांत काम भागते. पुढे नाकाची कूर्चा किंवा पापणी काढावी लागते आणि दुसरीकडची त्वचा लावून चेहरा सावरावा लागतो.

कुठे थांबूच नये?

‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ लसिका ग्रंथींत पसरू शकतो. भाजल्याचे जुने व्रण आणि न भरणाऱ्या जखमांतूनही तो उद्भवतो. घट्ट धोतरामुळे कमरेवर होणाऱ्या अशा कर्करोगाची नोंद डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी परकराच्या घट्ट नाडीशी संबंधित दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातील एका महिलेची जखम दीड वर्ष भरत नव्हती, तर दुसरीचा कर्करोग जांघेतील ग्रंथीपर्यंत पोहोचला होता. ‘मेलानोमा’ या तिसऱ्या प्रकारात तर विलंब जीवघेणा ठरू शकतो.

मग मुदत कधीपासून मोजायची?

तीन महिन्यांची सवलत बायोप्सीने निदान झाल्यानंतरची आहे, पुटकुळी दिसल्यापासूनची नव्हे. गाठ कोणत्या प्रकारची, हे तपासणीशिवाय कळत नाही. सुरगाणा, पेठसारख्या भागांतून नाशिकला यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे पहिली तपासणीच लांबण्याचा धोका अधिक. शस्त्रक्रियेची तारीख मिळण्याआधीचा हा विलंब कोणत्याही प्रतीक्षा यादीत दिसत नाही.

नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आणि शालिमार येथील विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. महिनाभरात न भरणारी जखम किंवा रंग-आकार बदलणारा तीळ असेल, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता तो दाखवावा.