धूर नको, पिंप घासा!

पावसाळ्यात उर्से परिसरात कुणाला डेंगी झाला की मला हमखास सांगितलं जातं, "डॉक्टर, ग्रामपंचायतीला सांगून धूर मारायला लावा." माझं स्पष्ट मत ऐका: नुसत्या धुरावर विसंबणं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी एका वेळी स्वतःच्या वजनाइतकं किंवा त्याहून जास्त रक्त पिते. ते पचताना हिमोग्लोबिनमधला 'हीम' हा लोहयुक्त घटक सुटा होतो आणि ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. तरी ती मरत नाही, कारण हा मारा निष्प्रभ करणारी एन्झाइम्स तिच्याकडे असतात. त्यांच्यापैकी काही एन्झाइम्स कीटकनाशकही निकामी करतात. वारंवारच्या धुरातून वाचलेल्या माद्या हीच ताकद पुढच्या पिढीला देतात. पाण्यातल्या अळीपर्यंत तर धूर पोचतच नाही. साथ भडकली तर धूर जरूर मारा, पण तो रोजचा उपाय नव्हे.

"हे शहरातले आजार" असंही म्हणू नका. एडिसच झिकाही पसरवतो आणि राज्यातला पहिला झिका रुग्ण २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बेलसर गावात सापडला.

अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा. अंडी कडेला चिकटतात, म्हणून घासून कोरडं करा. ग्रामपंचायतीला जाब जरूर विचारा; पण आधी स्वतःच्या पिंपात डोकावा.