आडनावाचं भाडं



सध्या आपल्या पोरापोरींच्या कट्ट्यावर एकच चर्चा. खोली कुठं घ्यायची? डोंबिवली का कल्याण? का सरळ अंबरनाथ-बदलापूर गाठायचं? पोरं शिकली. कुणी बँकेत चिकटला, कुणी ऐरोलीला कंप्युटरसमोर बसतो, कुणी नर्स झाली, कुणी काळा कोट घालून कोर्टात उभी राहते. घरी दहा बाय दहात आई, बाप, भाऊ, वहिनी आणि त्यांची लेकरं. रात्री वाचायला दिवा लावला की कुणाची तरी झोप मोडते. म्हणून भाड्याची खोली पायजे. पायजेच.

पण ही चर्चा ऐकली की माझं डोकं फिरतं. डोंबिवलीला भाडं जास्त, पण ‘वस्ती चांगली’. उल्हासनगर स्वस्त, पण ‘वस्ती तसली’. बदलापूरला हवा बरी, पण गाडी लांबची. जो तो वहीत रकाने पाडतो. भाडं, डिपॉझिट, एजंटची दलाली, रेल्वेचा पास, पाणी किती तास, स्टेशनपासून किती मिनिटं. एक रकाना मात्र सगळे कोरा सोडतात. आडनावाचा. तो रकाना नंतर घरमालक भरतो.

मी आज त्याच रकान्याबद्दल बोलणार आहे.

आधी वहीतल्या हिशोबाचं बघू, कारण तो खोटा नाही. आगगाडी कल्याणला १८५४ साली आली आणि तेव्हापासून मुंबईला लागणारी माणसं ही लाइन पुरवते. मुंबईच्या टोकापासून डोंबिवली सुमारे ४८ किलोमीटर, कल्याण ५४, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. कल्याणला लाइन फुटते. एक फाटा कसाऱ्याला, एक कर्जतला. फाट्यावर गेलात की गाड्या कमी, एक चुकली की अर्धा दिवस बोंबलला. गर्दी तर जीव घेते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दाराला लोंबकळणारी माणसं खाली पडली आणि मेली. ती कामावर निघाली होती. तेव्हा गाडीचा विचार करा, नक्की करा. बदलापूरला नदीकाठी खोली घेताना २००५ आणि २०१९ चा उल्हास नदीचा पूर आठवा आणि तळमजला टाळा. हे शहाणपण आहे.

पण ‘चांगली वस्ती’ हे काय प्रकरण आहे? डोंबिवली आणि कल्याण १९८३ पासून एकाच महापालिकेत आहेत. खड्डे तेच, टँकर तेच, तुंबलेली गटारं तीच. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २०१६ ला स्फोट झाला, २०२४ ला पुन्हा झाला. माणसं मेली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. त्या काचांनी वस्ती चांगली का वाईट ते विचारलं नाही. आणि ज्याला तुम्ही ‘तसलं’ म्हणता ते उल्हासनगर काय आहे? फाळणीत सिंधमधलं घरदार गेलेल्या माणसांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणून टाकलं, त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. उघड्यावर पडलेल्या माणसांनी उभं केलेलं गाव. ते ‘तसलं’ आणि दुसरं ‘चांगलं’, हे कुणी ठरवलं?

मी सांगतो. ‘चांगली वस्ती’ हा रस्त्याचा, पाण्याचा, दिव्याचा शब्द नाही. तिथं कोण राहत नाही, त्यावरून वस्ती चांगली ठरते. तिथं आपण राहत नाही म्हणून ती चांगली. आणि आपलीच पोरं तो शब्द तोंडात घेऊन फिरतात, स्वतःच्या नसण्याला चांगलं म्हणतात! दोस्तहो, भाषा तरी आपली वापरा.

आता तो रकाना घरमालक कसा भरतो ते बघा. जात कोणी विचारत नाही. विसावं शतक संपलं, माणसं सुधारली. एजंट फोनवर गोड बोलतो.

“मॅडम, नाव काय आपलं?”

“स्नेहा.”

“नाही, पूर्ण नाव.”

आडनाव कांबळे असलं की तिथंच फोनवर शांतता. जाधव, मोरे, गायकवाड, पवार असलं की गडी गोंधळतो, कारण ही आडनावं त्यांच्यातही आणि आपल्यातही. मग पुढचा प्रश्न. “कुठले जाधव? गाव कुठलं?” मग, “नॉनव्हेज खाता का?” मग, “देवघर करणार ना? मालकांना आवडतं.” चार प्रश्नांत जात बाहेर. आणि मग ते ठेवणीतलं वाक्य. “आम्ही तसलं काही मानत नाही हो. पण सोसायटीवाले...” मालक सोसायटीवर ढकलतो, सोसायटी मालकावर, आणि एजंट दोघांवर. अस्पृश्यता आहे, पाळणारा कुणीच नाही! संध्याकाळी निरोप येतो, “खोली गेली.” चार दिवसांनी तीच खोली, तोच फोटो, तोच नंबर, भाडं पाचशेनं कमी.

मुसलमान पोराला तर चार प्रश्नसुद्धा लागत नाहीत. नाव सांगितलं की झालं. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून हुसकलेली माणसं मुंब्र्यात का गोळा झाली, हे त्याच लाइनवर रोज ये-जा करणाऱ्याला समजायला पायजे. डोंबिवलीच्या ‘चांगल्या’पणाचा आणि मुंब्र्याच्या गर्दीचा कारखाना एकच आहे.

यावर आपल्या पोरांनी तोड काढली. फोनवर फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनावाच्या जागी बापाचं नाव. ऑफिसातल्या सवर्ण मित्राला पुढं करायचं, करार त्याच्या नावानं. कोण पुरोगामी मालक मिळेपर्यंत वाट बघेल? खोली तर मिळाली ना!

मी त्यांना शिव्या देणार नाही. डोक्यावर छप्पर पायजे असतं तेव्हा माणूस काय करतो ते मला ठाऊक आहे. बाबासाहेबांचंच बघा. परदेशात शिकून १९१७ साली बडोदा सरकारच्या नोकरीत गेले, तर शहरात राहायला जागा नाही. पारशाच्या सरायीत पारशी नाव लावून उतरावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात. संध्याकाळपर्यंत चालते व्हा. हिंदू मित्राकडं गेले, ख्रिस्ती मित्राकडं गेले, दोघांकडंही सोय झाली नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी बागेत बसून काढले. ही गोष्ट आपण वाचतो, डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. पण त्यातला हिशोब कोण वाचणार? एवढ्या मोठ्या माणसालाही उसनं नाव अकरा दिवस पुरलं. आपला करार अकरा महिन्यांचा असतो!

आणि त्या अकरा महिन्यांत काय काय भरावं लागतं ते बघा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावता येत नाही. लावलाच तर कपाटाच्या आत. गावाकडनं आई आली की तिला जिन्यात दबक्या आवाजात सांगायचं, “आये, इथं कुणाला जयभीम घालू नको.” जिनं आयुष्यभर छाती काढून जयभीम घातला तिला! १४ एप्रिलला मिरवणूक सोसायटीच्या रस्त्यावरनं गेली की खिडकीतनं परक्यासारखं बघायचं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना शेजाऱ्याला सांगायचं, ऑफिसचं काम आहे. शेजारीण ‘त्या लोकांबद्दल’, आरक्षणाबद्दल बोलायला लागली की मान हलवायची. भाड्याच्या पावतीवर हे कुठंच लिहिलेलं नसतं, पण महिन्याच्या महिन्याला वसूल होतं. आणि सोडून जाताना डिपॉझिट तरी परत मिळतं. हे परत मिळत नाही.

मी भिवंडीत लूमवर काम करतो, म्हणून मला गिरणीची एक गोष्ट सुचते. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार चांगला होता, पण तिथं आपल्या माणसाला उभं करत नसत. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकराच्या तोंडाला कसा चालेल? खांद्याला खांदा लावून लाल झेंड्याखाली घोषणा देणारे हेच विणकर! बाबासाहेबांनी १९२८ च्या गिरणी संपात हा प्रश्न उघड्यावर मांडला. संप फोडतो म्हणून त्यांना नावं ठेवली गेली. त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं नाही की जात लपवून साचेखात्यात शिरा. दार बंद आहे हे चारचौघांत सांगा, हा त्यांचा रस्ता होता. महाडला १९२७ साली तळ्याकाठी माणसं गेली ती काय रात्री लपून घागर भरायला गेली होती? दिवसाढवळ्या, हजारोंनी, आपल्या नावानं गेली.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. ते म्हणतात, कशाला त्या लोकांच्या दारात जायचं? आपली वस्ती काय वाईट? प्रत्येक स्टेशनात एक सिद्धार्थ नगर, एक रमाबाई नगर, एक भीमनगर आहेच. तिथं विहार आहे, रात्री-अपरात्री हाक मारली तर दहा दारं उघडतात. खरं आहे. मी स्वतः तसल्या वस्तीत राहतो, आणि मला सोडायची नाही. पण मी राहतो ते माझ्या मर्जीनं. दुसरी दारं बंद म्हणून राहणं वेगळं. गावकुसाबाहेर ठेवलं होतं तिथनं निघून बाप शहरात आला, ते काय स्टेशनबाहेरचा नवा महारवाडा भाड्यानं घ्यायला? बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत आपल्या माणसांत राहिले. पुढं राजगृह बांधलं ते दादरच्या हिंदू कॉलनीत. दोन्हीकडं ते आंबेडकर म्हणूनच राहिले. हा मुद्दा आहे. वस्ती कुठली ते दुय्यम, दारावरची पाटी कुणाची ते पहिलं.

मग करायचं काय? रडगाणं पुष्कळ झालं. कामाचं बोलू.

पहिलं. कायदा माहीत करून घ्या. राज्यघटनेचं १७ वं कलम अस्पृश्यता संपवतं, पण १५ व्या कलमात दुकान, हॉटेल, विहीर, तळं, रस्ता यांची नावं आहेत, भाड्याच्या घराचं नाव नाही. २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं एकाच समाजापुरती सभासदी ठेवायला मोकळीक दिली. ही भोकं आहेत. पण १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याच्या ४ थ्या कलमात अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला, वापरायला आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. पाचशे रुपये! एजंटची चहापाण्याची रक्कम. तरी गुन्हा तो गुन्हा. आणि १२ वं कलम म्हणतं की अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असं घडलं तर कोर्टानं ते अस्पृश्यतेमुळंच घडलं असं धरून चालायचं, उलट सिद्ध करायचं समोरच्यानं. हे कलम किती वकिलांनी आपल्याला सांगितलं?

दुसरं. पुरावा करा. खोलीला एकट्यानं जाऊ नका. आधी आपल्या पूर्ण नावानं जा. नकार आला की त्याच दिवशी त्याच खोलीला सवर्ण मित्राला पाठवा. आपल्याला ‘गेली’ आणि त्याला ‘कधी येताय’ असं झालं की तारीख, वेळ, शब्द दोघांनी लिहून ठेवा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या आसपास असंच नावं सांगून तपासलं आणि २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त छापलं. ते दिल्लीला झालं, मग कर्जत लाइनवर का नाही? आपल्यात एवढे पदवीधर आहेत. एक साधी वही घाला. स्टेशन, तारीख, काय विचारलं, काय सांगितलं. आणि पुरोगामी सवर्ण मित्रांनो, भाषणात टाळ्या घेण्यापेक्षा एवढं एक काम करा. आमच्या मागोमाग त्या दारात जा, आणि कोर्टात साक्षीला उभे राहा.

तिसरं. खोली मिळाली तर करार आपल्या नावानं, लेखी आणि नोंदणी केलेला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमात नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. मित्राच्या नावावर राहिलात तर बाहेर काढताना तुमच्या हातात कागदाचा चिटोरासुद्धा नसणार.

चौथं. एकाला चांगला मालक मिळाला, असतातही तसे, तर ते नाव खिशात ठेवू नका. पुढच्या पोराला द्या, एकट्या राहणाऱ्या पोरीला आधी द्या. तिला तर आडनावासोबत ‘लग्न का नाही झालं’ हेही विचारतात.

तेव्हा दोस्तहो, डोंबिवली घ्या, कल्याण घ्या, अंबरनाथ घ्या. गाडी बघा, पाणी बघा, खिसा बघा आणि ठरवा. बदलापूरजवळच्या बारवी धरणाचं पाणी नळातनं येताना आडनाव विचारत नाही. पण त्या नळाच्या घरात शिरताना स्वतःचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवू नका. आपल्या आज्याकडं घर नव्हतं, शेत नव्हतं, शाळेचा दाखला नव्हता. जे होतं ते नाव त्यानं आपल्याला दिलं. अकरा महिन्यांच्या करारावर ते गहाण टाकायचं काय?

पहिल्या फोनलाच पूर्ण नाव सांगा. नकार आला तर वहीत लिहा. शंभर पानं भरू द्या, मग ती वही घेऊन आपण सगळे मिळून दार ठोठावू. एका मालकाचं नव्हे, कोर्टाचं आणि विधानसभेचं.

जयभीम.